थोरलीमागचा फुगा

"फुग्यात बसून मी माझ्या बोटीवर जाणार नाही," बाबा म्हणाले आणि चष्मा न लावताच वर्तमानपत्र उघडून बसले.

फुगा म्हणजे हवा भरून फुगवायची छोटी होडी. दुकानात तिला डिंगी म्हणतात. ती अजून घरात आलीही नव्हती, नुसता विषय निघाला होता; पण बाबांनी तिला नाव दिलंही होतं आणि ठेवलंही होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. अजूनही कुठल्याही गाडीत ते बाजूच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत असतो. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो पाय जरा मंदावलाय; त्याची भरपाई तोंड करतं. गाडीशिवाय त्यांचा जीव कशात असेल तर तो त्यांच्या शिडाच्या बोटीत. ही बोट लग्नाआधीपासूनची, म्हणून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला थोरली म्हणतात. "मी आले तेव्हा ती आधीच नांदत होती. मी धाकटी," असं त्या पाहुण्यांना इतक्या शांतपणे सांगतात की पाहुणे कप हातात धरून बाबांकडे बघत राहतात.

थोरली धक्क्याला लागत नाही, तिथे पाणी उथळ आहे. ती किनाऱ्यापासून थोडी आत, तरंगत्या बोयाला बांधलेली असते. तिच्यापर्यंत जायचं तर मध्ये लहान होडी हवीच. शिवाय प्रवासाला निघालं की तीच होडी दोराने मागे बांधून न्यायची, म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावर उतरता येतं. आमच्याकडे त्यासाठी लाकडी होडी होती. वजनदार, देखणी आणि खट्याळ: काठावर पाय ठेवला की कुशीवर वळायची.

गेल्या हंगामात, ऑपरेशननंतर, बाबांचा एक पाय तिच्यात आणि एक धक्क्यावर असताना ती वळली. दोन पायांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं. शेवटी धक्क्यावरच्या चौघांनी धावत येऊन काखेत हात घालून त्यांना उचललं आणि कपाट सरकवावं तसं बाजूला नेऊन उभं केलं. त्यातल्या दोघांना बाबांनीच गाडी शिकवली होती. "सांभाळून, सर," एक जण म्हणाला. पायापेक्षा ते "सर"च जास्त लागलं असावं.

तेव्हापासून बाबा थोरलीवर गेले नव्हते. आणि आता तिला गिऱ्हाईक आलं होतं. भला माणूस होता, घाई करत नव्हता, पण हंगामाआधी काय ते कळवा म्हणाला होता.

"एकदा जातो," बाबांनी जेवताना जाहीर केलं. "माझा मी चढलो आणि माझा मी उतरलो, तर ती राहील. कुणाला मला उचलावं लागलं, तर त्याच संध्याकाळी त्याला होकार कळवायचा. मग कुणी रडायचं नाही."

"रडतंय कोण?" आई म्हणाल्या. "माझी तर सवत जाईल. सुटले मी." आणि त्या पाणी आणायला उठल्या. टेबलावरचा जग भरलेला होता.

रडणार होते ती मी. मुंगी पोटात असताना मी शेवटचं सुकाणू धरलं होतं. मुंगी म्हणजे आमची लेक. गोड दिसलं की न चुकता तिथे पोचते म्हणून मुंगी. ती झाल्यापासून मी समुद्र खिडकीतूनच बघत होते. एका हाताने तिला थोपटत, दुसऱ्या हाताने तिचे मोजे शोधत मी मनातल्या मनात थोरलीचं शीड चढवत असे. ती विकली गेली तर तेवढंही उरलं नसतं.

लाकडी होडीशी माझं स्वतःचंही भांडण होतं. कडेवर मूल असलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, एकच हात मोकळा असतो आणि झोक गेला तर सावरायला दुसरा नसतो. बाबांच्या एका हातात काठी. म्हणजे आमच्या दोघांच्या अडचणीचं माप एकच होतं. आणि मापं घेणं हे तर माझं काम. मी लोकांची स्वयंपाकघरं आखून देते: ओटा किती उंच, कप्पा किती खोल, हात कुठवर पोचतो.

म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, "होडी मी निवडणार. मुंगीला कडेवर घेऊन."

"अगं, पण इंजिन, वेग, ते सगळं..."

"वेगाने कुठे जायचंय आपल्याला? बोटीपर्यंत. दिसते ती इथून."

दुकान पाण्याच्या कडेलाच होतं, मागे उतार होता. दुकानदार गुबगुबीत आणि बोलका. त्याने आधी एक हलकी होडी पाण्यात ढकलली. तिच्या तळाला पट्ट्या होत्या, गुंडाळून ठेवता यावी म्हणून. "घडी घालून पलंगाखाली सारा, ताई." मी मुंगीला घेऊन आत पाऊल टाकलं तर तळ गादीसारखा खचला. मुंगी खूश झाली आणि उड्या मारायला लागली. माझे गुडघे खूश नव्हते.

दुसरी पाहून नवऱ्याचे डोळे चमकले. खालून कडक, पाचरीसारखा तळ. "हिला मोठं इंजिन लावलं तर?"

"तर विमान होतं, दादा."

पण ती ओढायलाच दोघं तिघं लागली, आणि काठावर उभं राहिलं की ती पाचरीवर डुलायची. तोच जुना खट्याळपणा, फक्त महागातला.

तिसरी मध्यम होती. बाजूच्या नळ्या जाडजूड, राखाडी. तळही हवेचाच, पण इतका ताणून भरलेला की फळीसारखा टणक. दोघांना सहज उचलता येत होती. "काठावर उभ्या राहा, बिनधास्त," दुकानदार म्हणाला. मी राहिले. बाकावर बसलेला जाडा माणूस जरासा सरकून जागा देतो, तशी ती नळी जराशी दबली आणि थांबली. पुढे काहीच झालं नाही. मी दुसऱ्या पायावर भार टाकला, मुंगीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तरी काही नाही.

"बश," मुंगीने मला हुकूम केला.

"हीच," मी म्हटलं.

घरी हॉलमध्ये ती फुगवली तेव्हा सोफा भिंतीला लावावा लागला. बाबा आपल्या खुर्चीतून हलले नाहीत. "आता स्वयंपाक काय हिच्यात बसून करणार का?" एवढंच विचारलं. मी ओट्यापाशी होते. थोड्या वेळाने दारातून बघते तर बाबा वाकून, काठी काखेत धरून, नळी अंगठ्याने दाबत होते. गाडीचं टायर दाबतात तसं.

मला पाहून ते सरळ झाले. "हवा कमी आहे."

"टणक लागतेय की, बाबा."

"इथे लागणारच. गार पाण्यात गेली की हवा आक्रसते, सैल पडते. बोटीपाशी पोचल्यावर पुन्हा चार पंप मारायचे. हे सांगायला तुमचा तो दुकानदार लागत नाही."

त्यांनी तिला "फुगा" म्हणणं सोडलं नाही, पण आता निदान फुग्याची हवा त्यांच्या ताब्यात आली होती.

मग मापं. थोरलीच्या कडेला लटकणारी शिडी मी जाऊन मोजून आले. तिची शेवटची पायरी होडीच्या तळापासून बरीच वर राहत होती, आणि बाबांना मांडी फार वर उचलायची मनाई होती. मध्ये एक पायरी हवी होती. ती मला बाथरूममध्ये सापडली: आईंचं लाकडी स्टूल. उंची अगदी हवी तेवढी. ते होडीत ठेवून बाबा हॉलमध्ये सराव करू लागले. सोफ्यावरून स्टुलावर, स्टुलावरून होडीत. मुंगीला वाटलं हा खेळ तिच्यासाठीच काढलाय. तीही सोफ्यावरून उतरायची, पण तिच्या पद्धतीने. ती पद्धत मीच शिकवलेली. उंचावरून तोंड पुढे करून झेप घेणारं ते पोर. कपाळावर दोन टेंगळं आल्यावर मी तिला पाठ करायला लावलं होतं: पोटावर झोप, पाय सोड, बघायचं नाही, जमीन येते.

"जमीन येते" म्हणताना ती दर वेळी डोळे घट्ट मिटायची. पाय टेकले की उघडायची आणि आपणच जमीन आणली अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायची.

निघालो त्या दिवशी सकाळी हवा छान होती. आईंना बोटीत मळमळतं, त्यामुळे त्या थर्मास आणि विणकाम घेऊन धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. "माझं स्टूल परत आणा म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. आसपास तीच ती नेहमीची माणसं होती, जाळी दुरुस्त करत, न बघितल्यासारखं करत बघत.

धक्क्याशेजारच्या उतारावरून बाबा होडीत बसले. एवढ्याशा अंतराला इंजिन कशाला, म्हणून वल्ही नवऱ्याकडे. थोरलीपाशी पोचल्यावर त्यांनी आधी चार पंप मारायला लावले, मग स्टुलावर चांगला पाय, मग शिडी. एक पायरी. दुसरी. मी खाली मुंगीला धरून श्वास रोखून बसले होते. ते वर पोचले, कठडा धरून उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते डोलकाठीशी. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही.

"चढलात, बाबा!" नवरा ओरडला.

"अर्धं झालं. उतरायचं आहे अजून."

मग शीड वर गेलं. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकला, कापडात वारा भरल्याचा, कुणीतरी मोठं पांघरूण घालावं तसा. बाबांनी सुकाणू मला दिलं आणि स्वतः शेजारी बसले. त्यांचा उजवा पाय लगेच कामाला लागला.

नवऱ्याने होडीचं छोटं इंजिन काढून वर घेतलं आणि मागे दोर सोडायला लागला. बाबा मान वळवून बघत होते. "अजून सोड. अजून. आपल्या मागे दोन लाटा उठतायत ना, दुसरीच्या चढावर आण तिला. हं. आता दोर बघ." दोर कधी ताठ व्हायचा, कधी पाण्यात पडायचा. नवऱ्याने हातभर आत घेतला, थोडा पुन्हा सोडला, आणि एका क्षणी होडी त्या लाटेवर अशी बसली की दोराला ना ओढ, ना झोळ. जणू तिला कुणी ओढत नव्हतंच. आमच्यामागून ती आपली आपण चालली होती. मुंगी तिला हात हलवत राहिली. मला तो दोर किती वेळ तरी बघावासा वाटला.

"स्टूल वर घेऊ या का?" मी विचारलं होतं. ते होडीतच होतं, वल्ह्यांच्या शेजारी.

"राहू दे. परत लागणारच आहे," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही वल्ही, नांगर, जेवणाचे डबे सगळं होडीतच ठेवून ओढत आलो. काही जात नाही."

हे लाकडी होडीबद्दल खरं होतं. ती जडच इतकी की वारा तिच्या वाटेला जात नसे. फुगा हलका आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. खरं तर हलका म्हणूनच तो घेतला होता.

समोरच्या टेकाडाआडून बाहेर आलो तसा वारा एकदम वाढला. मागे फट्‌ आवाज झाला. वळून बघते तर होडीचं नाक वर उचललेलं, खाली वारा शिरलेला, आणि झटकलेल्या चादरीसारखी ती हवेत उलटली. राखाडी तळ वर. वल्ही कड्यांत अडकवलेली होती म्हणून राहिली. स्टूल दिसेनासं झालं.

नवऱ्याने शीड भराभर उतरवलं आणि वळण्यासाठी थोरलीच्या इंजिनाच्या किल्लीला हात घातला.

"आधी दोर!" बाबा गरजले. "आधी आरसा, मग गिअर! आधी दोर, मग इंजिन!"

बरोबर होतं. बोट थांबली की मागचा दोर सैल पडून खाली जातो, आणि पंख्यात गुंडाळला की संपलंच. मी सुकाणू नवऱ्याकडे दिलं आणि दोर ओढायला बसले. हात, हात, हात. ओला दोर मांडीवर साचत गेला, मुंगी त्याचं टोक चोखायला लागली. होडी बोटीला लागली तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. दोघांनी मिळून तिला सरळ केलं. एवढी गडबड झाली, पण तिला ओरखडासुद्धा नव्हता. स्टूल मात्र एकदा लांब लाटेवर दिसलं, चार पाय वर करून, आणि मग खडकांकडे गेलं. तिकडे बोट नेणं शक्य नव्हतं.

पलीकडच्या किनाऱ्यावर जेवायचा बेत होता, तो आपोआप बारगळला. परतताना होडीचं नाक आम्ही थोरलीच्या मागच्या कठड्याला आखडून बांधलं, तशी ती शहाण्यासारखी आली. उकडलेली अंडी आणि पाव बोटीवरच खाल्ले. बाबांनी पाव मुंगीला भरवला, स्वतः खाल्ला नाही.

बोयाला बांधून झाल्यावर ते म्हणाले, "बघू या शिडीवरून." कठड्याचं फाटक उघडून ते पाठमोरे उतरायला लागले. पहिली पायरी, दुसरी, शेवटची. ऑपरेशनचा पाय खाली लोंबत तळ शोधायला लागला. तळ होता, पण आणखी खाली. शरीर शिडीपासून सुटून मागे झुकायला लागलं, दंड थरथरले.

"बाबा, मी खालून धरतो ना," होडीतून नवरा म्हणाला.

"धरायचं नाही."

"नुसता हात..."

"नाही म्हटलं ना!"

ते मोठ्या कष्टाने पुन्हा वर आले आणि बाकावर बसले. कपाळावर घाम. धक्क्यावर जाळी विणणारे हात थांबलेले मला इथून दिसत होते. आई विणकाम बाजूला ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

"चल," बाबा नवऱ्याला म्हणाले, अगदी हळू. "बोलाव त्यांना. घेतील उचलून. ओळखीची माणसं आहेत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुंगीचं लाइफ जॅकेट उगाच घट्ट करत होते, कारण मला वर बघायचं नव्हतं. मुंगीला मात्र कुणाच्या चेहऱ्याशी देणंघेणं नव्हतं. तिला होडीत जायचं होतं. ती माझ्या हातातून सुटली, फाटकापाशी गेली, मी मागून जॅकेटचा पट्टा पकडेपर्यंत डेकवर पालथी पडली आणि तिने पाय बाहेर सोडले.

"पोतावल," ती म्हणाली. डोळे मिटून. "बगायतं नाई."

खालून तिच्या बाबाने तिला झेललं नाही. मी पट्टा धरून हळूहळू सोडत गेले, तिचे पाय जाडजूड नळीवर टेकले, तिथून घसरून ती तळावर बसली. डोळे उघडले. "आली दमीन!" आणि मग वर बघून, कंटाळलेल्या मास्तरणीच्या आवाजात: "आदोबा, पोतावल."

कुणी हसलं नाही. मी डेककडे बघितलं, मग होडीकडे. ओट्याची मापं आखताना होतं तसं माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं.

"बाबा," मी म्हटलं, "डेकपासून तळ तुमच्या कमरेइतका आहे. तुम्ही पालथे पडलात आणि कंबर काठावर आली की पाय पोचतात. मांडी वाकवायलाच नको. ती शिडीवर वाकवावी लागते."

"आणि होडी? काठावर भार पडला की..."

"ती लाकडी. ही नाही कलंडत. मी मुंगीला घेऊन उभी राहिलेय तिच्यावर."

बाबांनी धक्क्याकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर? पालथं?"

"पालथं म्हणजे उचललेलं नव्हे, बाबा."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "हवा बघ आधी."

नवऱ्याने चार पंप मारले. होडी पुढून आणि मागून दोन्हीकडे दोर आवळून थोरलीच्या कुशीला अशी घट्ट बांधली की मध्ये फट राहिली नाही. बाबा खाली बसले, कुशीवर वळले, पालथे झाले. गाल डेकवर टेकला. आयुष्यभर दुसऱ्यांना समोर बघ, समोर बघ म्हणून सांगणारा माणूस आता मागे मागे सरकत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. पाय काठाबाहेर गेले. मग गुडघे. मग ते थांबले, आणि त्यांच्या बोटांनी कठड्याचा खांब इतका घट्ट धरला की नखं पांढरी झाली.

"किती राहिलं?"

मी तोंड उघडलं, पण मुंगी आधी बोलली. "बगायतं नाई. दमीन येते."

बाबांनी डोळे मिटले आणि खांब सोडला.

ते घसरले, नळी त्यांच्या पोटाखाली दबली, होडी जराशी सरकली आणि थांबली. दोन्ही पाय तळावर होते. ते तसेच उभे राहिले, छाती थोरलीला टेकवून.

"आली?" मुंगीने विचारलं.

"आली," बाबा म्हणाले. मग मान वळवून नवऱ्याला, "लावलास का रे हात?"

"बोटसुद्धा नाही."

"तू?"

"मी तर वर आहे, बाबा."

ते नळीवर बसले, मुंगीला जवळ घेतलं आणि वल्ही स्वतःच्या हातात घेतली. वल्हवताना पाय लागत नाही, असं म्हणाले.

धक्क्यावर आई उताराच्या अगदी टोकाशी येऊन उभ्या होत्या. पायाखाली पाणी येतंय हे त्यांना कळतही नव्हतं. "अहो, हे काय, पोटावर?"

"पद्धत आहे ती," बाबा म्हणाले. जाळीवाल्यांपैकी एकाने "सर, मस्त!" म्हणून हात वर केला, तर बाबांनीही काठी वर केली.

"आणि माझं स्टूल?"

"गेलं. हलकं सामान मागे ठेवायचं नाही, शिकलो आज. पुढच्या वेळी वारा असला की होडी आखडून बांधायची, आतलं सगळं वर घ्यायचं."

पुढच्या वेळी, असं ते म्हणाले. नवऱ्याने माझा कोपर दाबला. आईंनीही ते ऐकलं होतं, कारण थर्मासचं झाकण त्यांना लवकर उघडेना.

"त्या माणसाला काय कळवायचं मग?" त्यांनी चहा ओतत विचारलं.

"म्हणावं, थोरली अजून नांदतेय."

"आणि धाकटीने काय करायचं?"

"धाकटीने यायचं बरोबर. मळमळ होते ती केबिनमध्ये बसल्यामुळे. बाहेर बसून लांब बघत राहायचं. शिकवतो मी."

"तुमच्याकडून शिकायचं म्हणजे..." आई म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

आज दुपारी मुंगी झोपली म्हणून मी दोन मिनिटं बसले होते, तर हॉलमधून आवाज आला. ती झोपलीच नव्हती. बाबा सोफ्यावर पालथे पडलेले, शेजारी ती. खाली राखाडी होडी. दारात आई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"डोळे उघडले तुम्ही," आई म्हणत होत्या. "मी पाहिलं."

"एकच उघडला."

"पुन्हा," मुंगी म्हणाली, आणि आईंकडे बघून सोफ्यावरची आपल्या शेजारची जागा थोपटली.